लेट, लास्ट आणि मळवलीनंतरचं स्टेशन

अगं, तुझा मेलचा मसुदा वाचला. मजकूर नेटका आहे, उगाच लांबण लावलेली नाहीस, हे आवडलं. फक्त पहिल्या ओळीतलं 'सॉरी फॉर द लेट' काढून टाक. तिथे 'सॉरी फॉर द डिले' लिही, नाहीतर सरळ 'सॉरी आय ॲम लेट'. नुसतं काढ म्हटलं तर आज काढशील आणि पुढच्या मेलमध्ये पुन्हा घालशील, म्हणून कारणही सांगते. आणि सांगायला बसलेच आहे तर या लेटच्या भावंडांचंही सांगून टाकते, कारण तुझे हल्लीचे बरेच प्रश्न याच घरातले असतात. लेटर की लॅटर, लास्ट की लेटेस्ट, पेनल्टिमेट इयर म्हणजे नक्की कितवं वर्ष, फॉर्मवर लास्ट नेम कुठे टाकायचं. चहा घे आणि निवांत वाच.

आपण म्हणतो, 'मला उशीर झाला.' या वाक्यात कर्ता आहे उशीर. मी बिचारी नुसती 'मला'. उशीर आपला आपण झाला, माझा त्यात काय दोष! इंग्रजीत तशी पळवाट नाही. 'आय ॲम लेट.' तिथे लेट हे विशेषण आहे आणि ते थेट माझ्याच माथी येतं. तू डोक्यात मराठी वाक्य जुळवतेस आणि उशीर या नामाच्या जागी लेट ठेवतेस, की झालं 'फॉर द लेट' तयार. 'आय ॲम गेटिंग लेट' हेही त्यातलंच, 'मला उशीर होतोय'चं पिल्लू. आपल्याकडे त्याला कोणी हसत नाही, पण परदेशातल्या माणसाशी बोलायची वेळ आली तर 'आय ॲम रनिंग लेट' म्हण. लोकलही रनिंग लेट असते, तिच्यासाठी थांबलेली आपणही.

आता गंमत ऐक. लेट या शब्दाचा उशिराशी मुळात संबंधच नव्हता. हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द 'लॅट' असा होता आणि त्याचा मुख्य अर्थ होता मंद, संथ, आळसट. जो संथ चालतो तो मागाहून पोचतो, म्हणून पुढे संथपणा गेला आणि मागाहून येणं तेवढं राहिलं. लॅटिनकडून आलेल्या 'टार्डी'ची गोष्ट हीच. 'टार्डुस' म्हणजे मंद. अमेरिकेतल्या शाळेत उशिरा आलेल्या पोराला आज टार्डी म्हणतात. शेवाळात राहणारा टार्डिग्रेड नावाचा एक सूक्ष्म जीव आहे, त्याच्याही नावाचा अर्थ मंद पावलांचा एवढाच. म्हणजे दोन वेगळ्या भाषांनी उशिराचं खापर चालण्याच्या वेगावर फोडलं. आपल्या उशिराने ते सूर्यावर ढकललं. जाणकार या शब्दाचा धागा संस्कृतातल्या 'उत्सूर'शी जोडतात, आणि उत्सूर म्हणजे दिवस मावळल्यानंतरची वेळ. आपण तर मावळच्याच पोरी. सूर्य ज्या अंगाला मावळतो तो मुलूख मावळ, असा या नावाचा अर्थ लावतात. तेव्हा उशीर हा आपल्या तालुक्याच्या नावातच आहे असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

या लॅटपासून आणखी एक क्रियापद निघालं होतं, अडवणे, खोळंबा करणे या अर्थाचं 'लेट'. परवानगी देणाऱ्या लेटशी याचा घोटाळा करू नकोस. हा दुसरा लेट आता जवळजवळ मेला आहे, पण तुझ्या नव्या पासपोर्टात आहे बघ. राष्ट्रपतींच्या नावाने जी विनंती छापलेली असते तिच्यात, पासपोर्टधारकाला 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' जाऊ द्यावं, असं म्हटलंय. तो लेट म्हणजे अडथळा. टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला चाटून गेली की 'लेट' पुकारतात, तोही हाच असं मानतात.

आता लास्टकडे ये. लास्ट हे लेटचंच 'सर्वात' रूप आहे. जुन्या इंग्रजीत ते जरा लांबलचक होतं, बोलता बोलता मधला भाग झिजला आणि लास्ट उरलं. बेस्टचंही तसंच झालेलं. या दोघांच्या शेवटी जो 'स्ट' ऐकू येतो तो तुला परका वाटायचं कारण नाही. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, वरिष्ठ यांच्या शेवटी जो 'ष्ठ' आहे ना, त्याचा तो दूरचा भाऊ. संस्कृत आणि इंग्रजी या एकाच मोठ्या कुळातल्या भाषा, आणि हा प्रत्यय दोघींनीही जपला. तेव्हा 'सर्वात अमुक' म्हणायला इंग्रजीत शेवटी 'एस्ट' का लावतात, हे मी वर्गात सांगते तेव्हा ज्येष्ठ महिन्यापासून सुरुवात करते. मुली लगेच पकडतात.

पण मग लेटेस्ट कुठून आलं? लास्ट इतकं झिजलं की ते लेटचं रूप आहे हेच लोक विसरले. मग त्यांनी नव्याने लेटला 'एस्ट' लावलं. अशी एकाच शब्दाची दोन 'सर्वात' रूपं झाली, आणि दोघींनी कामं वाटून घेतली. लास्ट म्हणजे जिच्यानंतर काही नाही, किंवा आत्ताच्या आधीची. लेटेस्ट म्हणजे आजवर आलेल्यांत ताजी, पुढे आणखी येतील. रात्रीची शेवटची लोणावळा लोकल ही लास्ट लोकल. ती चुकली तर रात्र पुण्यात. तिला लेटेस्ट लोकल म्हणता येत नाही. उलट एखाद्या लेखिकेला मुलाखतीत 'युअर लास्ट बुक' म्हणालीस तर तिला वाटेल, हिने मला रिटायरच केलं. तिथे लेटेस्ट. कंपनीने 'लेटेस्ट रिझ्युमे' मागितला की नवा, आजवरचं सगळं घातलेला. आणि ते 'लेटेस्ट बाय फ्रायडे' आपल्या ऑफिसांत सर्रास चालतं, पण नीट लिहायचं तर 'बाय फ्रायडे ॲट द लेटेस्ट'.

लेटर आणि लॅटरचं असंच. लॅटर हे जुनं रूप, लेटर मागाहून घडवलेलं. जुन्याने वेळेचं काम सोडलं आणि क्रमाचं धरलं. एका 'टी'चं लेटर म्हणजे नंतर. दोन 'टी'चं लॅटर म्हणजे सांगितलेल्या दोघांतलं दुसरं. नियम एकच लक्षात ठेव, लॅटर फक्त दोघांत. कंपनीने मेलमध्ये लिहिलंय की मुलाखत तळेगावला किंवा चाकणला होईल आणि 'द लॅटर इज प्रिफर्ड', म्हणजे तुला चाकणला जायचंय. तू तळेगाव समजून बसली होतीस! तीन ठिकाणं असती तर लॅटर चाललं नसतं, तिथे लास्ट लागतं. पहिल्याला फॉर्मर म्हणतात. आणि पत्राचं लेटर या कुटुंबातलं नाहीच, ते लॅटिनकडून आलेलं अक्षर. आपण मराठीत लिहिताना या दोन्ही लेटरांचं सोंग सारखंच काढतो, म्हणून कॉल लेटर आलं का विचारलं की कधी कधी 'कॉल यू लेटर' असं उत्तर मिळतं.

आता ज्याच्यामुळे तू मला रात्री फोन केलास ते पेनल्टिमेट. जाहिरातीत लिहिलं होतं, इंटर्नशिप पेनल्टिमेट इयरच्या विद्यार्थ्यांसाठी. तुझ्या मैत्रिणीने सांगितलं की अल्टिमेट म्हणजे भारी, तर पेनल्टिमेट म्हणजे त्याहून भारी, अगदी शेवटचं वर्ष. तिचा दोष नाही, पुण्यात 'अल्टिमेट मिसळ', 'अल्टिमेट व्ह्यू' ऐकून ऐकून असंच वाटणार. लॅटिनमध्ये 'उल्टिमुस' म्हणजे सर्वात पलीकडचा, शेवटचा. त्याच्या आधी 'पेने' लागलं, म्हणजे जवळजवळ. जवळजवळ शेवटचा, म्हणजेच शेवटून दुसरा. पेनिन्सुला या शब्दात हाच पेने आहे, जवळजवळ बेट. आपण त्याला द्वीपकल्प म्हणतो, आणि द्वीपकल्पातला 'कल्प'ही जवळजवळ याच अर्थाचा. पाठ्यपुस्तकात ज्याने हा शब्द घातला त्याने डोळे उघडे ठेवून घातला.

रेल्वेवर बसवून टाक. पुण्याहून लोणावळा लोकल धर. शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली, लोणावळा. लोणावळा अल्टिमेट. मळवली पेनल्टिमेट. कामशेत ॲन्टिपेनल्टिमेट, म्हणजे त्या शेवटून दुसऱ्याच्याही आधीचं. कार्ला, भाजे, लोहगडाला जाणारी मंडळी पेनल्टिमेटला उतरतात, हे एकदा मनात बसलं की मैत्रिणीचं 'त्याहून भारी' कायमचं गळून पडेल. आणि हा क्रम गाडीवर असतो, गावावर नाही, हेही बघ. तळेगावपर्यंतच जाणाऱ्या लोकलमध्ये बसलीस तर घोरावाडी पेनल्टिमेट होते. लोणावळ्याहून पुण्याला निघालीस तर शिवाजीनगर. चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये पेनल्टिमेट इयर तिसरं, तीन वर्षांच्या बीएस्सीत दुसरं. तू तिसऱ्या वर्षाला आहेस आणि तुझा कोर्स चार वर्षांचा, तेव्हा ती जाहिरात तुझ्यासाठीच आहे. अर्ज कर.

खरं तर हा शब्द तू शाळेपासून वापरतेस. उपान्त्य! शुद्धलेखनात बाईंनी घोकून घेतलेला. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली सरकारने मान्य केले, १९७२ला आणखी चार आले, आणि त्यांत या उपान्त्याचं चांगलंच प्रस्थ आहे. शब्द अकारान्त असला की शेवटून दुसऱ्या अक्षरातला इकार-उकार दीर्घ, जसं कठीण, गरीब, फूल. तत्सम शब्द सोडून, म्हणून गुण आणि विष ह्रस्वच. शेवटचं अक्षर दीर्घ झालं की उपान्त्य ह्रस्व. त्याचं उत्तम उदाहरण उशीरच. 'उशीर' लिहिताना 'शी' दीर्घ, 'उशिरा' लिहिताना 'शि' ह्रस्व. तू दोन्हीकडे दीर्घ लिहितेस, तुझ्या मेसेजमध्ये कायम बघते मी. आणि पेपरातलं क्रीडा पान काढ. कबड्डीची उपांत्य फेरी म्हणजे सेमीफायनल, त्याआधीची उपांत्यपूर्व. इंग्रजांनी अर्धी आणि पाव असा हिशोब ठेवला, आपण अंत्याच्या मागे मोजत आलो. पेनल्टिमेट आणि ॲन्टिपेनल्टिमेट हे शब्द ज्यांना अवघड वाटतात त्यांना उपांत्यपूर्व तोंडपाठ असतं.

आता जरा नाजूक गोष्ट. तू मेलमध्ये दादांबद्दल, म्हणजे तुझ्या बाबांबद्दल, 'माय फादर इज लेट' लिहिलंयस. वाचताना गलबलून आलं, पण इंग्रजी वाचणाऱ्याला वाटेल ते कुठेतरी अडकलेत, येतीलच. गेलेल्या माणसासाठी लेट नावाच्या किंवा नात्याच्या आधी येतो. 'माय लेट फादर.' बोट्स्वाना आणि दक्षिण आफ्रिकेतल्या इंग्रजीत 'ही इज लेट' म्हणजे ते वारले असंच समजतात, पण तू पाठवतेयस पिंपरीच्या कंपनीला. हा अर्थ इंग्रजीत पंधराव्या शतकाच्या आसपास आला. लेट म्हणजे 'अलीकडेपर्यंत असलेला'. म्हणून तो अलीकडे गेलेल्यांनाच लावतात. एखाद्या कार्यक्रमपत्रिकेत शेकडो वर्षांपूर्वीच्या थोर पुरुषाच्या नावामागे लेट छापलेलं बघितलं की मला कसंसंच होतं. तिथे काही लावायची गरजच नसते.

आपली पद्धत वेगळी. लग्नपत्रिकेत कै. असतं, कैलासवासी. आपल्याकडे देहू-आळंदीच्या वाटेवरच्या गावांत माळकरी माणूस गेला की कै. लिहीत नाहीत, वै. लिहितात, वैकुंठवासी. कीर्तनकाराच्या नावामागे चुकून कै. पडलं तर फडावरची जुनी मंडळी दुरुस्त करायला लावतात. ख्रिस्ती घरात ख्रिस्तवासी, मुसलमान घरात मरहूम किंवा पैगंबरवासी. म्हणजे माणूस कुठे गेला हे आपण सांगतो, आणि प्रत्येकाचा पत्ता निराळा. इंग्रजीतला लेट तो कधीपर्यंत होता एवढंच बोलतो. मला विचारशील तर इंग्रजी अर्जात लेटच बरा, तिथे पत्ता विचारत नाहीत. पण घरच्या पत्रिकेत लेट छापू देऊ नकोस. हल्ली छापतात लोक.

याच्या शेजारी पॉस्थ्युमस ठेव, मरणोत्तर. हा शब्द तर चुकीच्या समजुतीतून वाढला. लॅटिनमध्ये 'पोस्तुमुस' म्हणजे सर्वात शेवटचा. बापाच्या माघारी जन्मलेल्या मुलाला तसं म्हणायचे, कारण तो शेवटचा. पुढे कोणाला तरी वाटलं की यात 'हुमुस', म्हणजे माती, दडलेली असणार. मातीआड गेल्यानंतरचं ते पोस्थुमस! आणि मग मध्ये एक 'एच' घुसला तो आजपर्यंत आहे, उच्चारात नाही पण स्पेलिंगमध्ये. स्पेलिंग चुकलं म्हणून स्वतःला फार बोल लावून घेऊ नकोस एवढ्यासाठी हे सांगितलं. इंग्रजीत अशा चुका शिष्टासारख्या खुर्चीत बसलेल्या आहेत.

आता क्रमातल्या सेकंडचं थोडक्यात. लॅटिनमधल्या 'मागून येणे' या धातूपासून तो आला, आणि त्याच मुळाची फांदी आपल्याकडे सचिव या शब्दात आहे, बरोबर राहणारा, साथ करणारा. नेक्स्टही मूळचं 'सर्वात जवळचं' आहे. म्हणूनच 'नेक्स्ट मंडे'चा गोंधळ जगभर आहे. आज शनिवार असेल तर नेक्स्ट मंडे परवाचा की पुढच्या आठवड्याचा, यावर इंग्रजी बोलणाऱ्यांचंही एकमत नाही. मराठीत 'येत्या सोमवारी' आणि 'पुढच्या सोमवारी' असा फरक करायची सोय आहे, ती लोक वापरत नाहीत ते सोड. पण आपण तरी काय तोंडाने बोलणार! परवा म्हणजे कालच्या आधीचा दिवस आणि परवा म्हणजेच उद्याच्या पुढचा दिवस. तेव्हा मुलाखतीच्या मेलमध्ये नेक्स्ट, धिस, कमिंग काहीही लिहू नकोस. तारीख लिही, वार लिही, सकाळ की दुपार लिही.

वेळेचा विषय निघाला म्हणून सांगते. मराठीत लेट हा शब्द आगगाडीबरोबर आला असावा असा माझा अंदाज आहे. खंडाळा ते पुणे रूळ १८५८ साली सुरू झाले, पण बोरघाटातला टप्पा १८६३पर्यंत व्हायचा होता. तोवर खालून वर यायचं म्हणजे पालखीत, तट्टावर, नाहीतर पायी. त्या प्रवासात कोण कोणाला लेट म्हणणार? मिनिटांचा हिशोब टाइमटेबलनंतरचा. आणि टाइमटेबल आलं तरी घड्याळ कोणाचं, हा प्रश्न होताच. रेल्वे मद्रासच्या वेळेने चालायची, मुंबई स्वतःच्या. दोन्हींत साधारण अर्ध्या तासाचा फरक. मुंबईच्या घड्याळावर विसंबून वेळेत निघालेल्या माणसाची लोणावळ्याची गाडी निघून गेलेली असायची आणि तरी तो म्हणू शकत होता, मी लेट नाही! १ जानेवारी १९०६ला भारतीय प्रमाणवेळ आली, मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे. मुंबईकरांनी ती मनावर घेतलीच नाही. तिथली जुनी वेळ १९५५पर्यंत चालली. पुणे-लोणावळा लोकल १९७८ साली सुरू झाली तेव्हा हा वाद संपलेला होता, म्हणून आपल्याला आता फक्त गाडीला दोष देता येतो.

ऑफिसात आणखी तीन-चार शब्द कानांवर पडतील. पोस्टपोन म्हणजे 'नंतर ठेवणे', त्यावरून आपण भारतीयांनी प्रीपोन घडवला, अलीकडे ओढणे. काही इंग्रज नाकं मुरडतात, पण ऑक्सफर्डच्या शब्दकोशात तो आहे आणि कामाचा आहे. खुशाल वापर, फक्त परदेशी ग्राहकाला लिहिताना 'मूव्ह अप' किंवा 'ब्रिंग फॉरवर्ड' बरं. प्रोक्रॅस्टिनेट या शब्दाच्या पोटात लॅटिन 'क्रास' आहे, म्हणजे उद्या. उद्यावर ढकलणे, शब्दशः तेच. डेडलाइनची जन्मकथा मात्र अंगावर येते. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४च्या सुमारास, अँडरसनव्हिलच्या कैदखान्यात आतल्या बाजूने एक रेषा ठरवलेली होती. कैद्याने ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालायचा. तीच डेड लाइन. पुढे ती वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत शिरली आणि आता तुझ्या असाइनमेंटला आहे. आपला 'लेट मार्क' मला त्यामानाने फारच दयाळू वाटतो, अर्ध्या दिवसाची रजा कापली तरी. आणि लेटलतीफ! इंग्रजी लेट, अरबी लतीफ म्हणजे कोमल, नाजूक, आणि म्हणणारे आपण.

आता ऑर्डर, कारण फॉर्मकडे यायचंय. लॅटिन 'ओर्दो' म्हणजे ओळ, रांग. मागावर लावलेल्या धाग्यांची ओळ हा त्याचा जुना अर्थ असावा असं मानतात. त्यावरून क्रम, त्यावरून नीटनेटकेपणा, त्यावरून हुकूम, आणि शेवटी हॉटेलातली कांदाभजी. स्टेशनवरच्या तिकीट यंत्रावर 'आउट ऑफ ऑर्डर' लिहिलेलं असतं ते शब्दशः रांगेतून बाहेर पडलेलं. क्रमाच्या बाबतीत आपण इंग्रजीपुढे मान खाली घालायचं काहीच कारण नाही, हे जाता जाता सांगते. ए नंतर बी का, याला उच्चाराचं कसलंही कारण नाही. क, च, ट, त, प हे मात्र घशापासून ओठांपर्यंत एकेक जागा पुढे सरकत आलेत. म्हणून बघ.

पण फॉर्मवर क्रम त्यांचा चालतो, आणि तिथेच आपल्या पोरी अडकतात. आपल्याकडे शाळेच्या हजेरीपासून आडनाव आधी. दहावीच्या प्रमाणपत्रावर तर 'सरनेम फर्स्ट' असं छापलेलंच असतं. इंग्रजीला आडनाव म्हणजे लास्ट नेम. म्हणजे आपल्या कागदावर लास्ट नेम फर्स्ट! पॅनच्या अर्जाच्या नमुन्यात पहिलाच रकाना लास्ट नेमचा आणि फर्स्ट नेम त्याच्याखाली. पासपोर्टात लास्ट आणि फर्स्टची भानगड नाही, सरनेम आणि गिव्हन नेम असे दोनच रकाने. तिथे तुझं नाव आणि दादांचं नाव दोन्ही गिव्हन नेममध्ये जातात. आधारवर बहुधा तुझं नाव आधी असेल. आणि १ मे २०२४ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर आता बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. तुझ्या भाचीचा दाखला बघ, तिच्या नावात आई आहे. मला हा बदल मनापासून पटला.

तेव्हा फर्स्ट-लास्ट हे शब्द रकान्यात दिसले की कागदावरची जागा विसर आणि एवढंच विचार, हाक कुठल्या नावाने मारतात? ते फर्स्ट नेम. घराण्याचं कुठलं? ते लास्ट. मधलं मिडल. इतर कुठल्याही क्रमाने भरलंस तर संगणक तुला तुझ्याच आडनावाने हाक मारेल, आणि पुढे तिकिटावर एक नाव आणि पासपोर्टवर दुसरं असं होऊन विमानतळावर अडशील. नोकरीत हेच पीएफच्या खात्याला नडतं. लग्नानंतर नाव बदलायचं की नाही हे तुझं तू ठरव, त्यात मी बोलणार नाही. पण बदललंस तर सगळीकडे बदल, नाहीतर कुठेच नको.

आज रात्री दहावीचं प्रमाणपत्र, आधार, पॅन आणि बँकेचं पासबुक टेबलावर शेजारी शेजारी मांड. चारही ठिकाणी नावाची तीच तीन पदं आहेत का, स्पेलिंग एकच आहे का बघ. कुठे फरक दिसला तर दुरुस्तीचा अर्ज याच आठवड्यात टाक, ऑफर लेटर हातात आल्यावर नको. आणि त्या इंटर्नशिपचा अर्जही त्यांच्या लास्ट डेटच्या दोन दिवस आधीच पाठव, शेवटच्या संध्याकाळी साइट उघडत नाही. पाठवायच्या आधी मेल मला एकदा दाखव.